बांधलेल्या नळ्या पुन्हा जोडताना

माझं नसबंदीचं ऑपरेशन जानेवारी २०१४ मध्ये झालं. मी तेव्हा तेवीस वर्षांची, मुलगी तीन वर्षांची आणि मुलगा सव्वा वर्षाचा. पहिलं सासर बीड जिल्ह्यातल्या केज तालुक्यात. आमच्याकडे बायकांची ही ऑपरेशनं थंडीत उरकतात, जखम लवकर भरते असं समजतात म्हणून. शिबिरात त्या दिवशी बऱ्याच जणी होतो. बिनटाक्याचं, म्हणजे दुर्बिणीतून. दारिद्र्यरेषेखालचं कार्ड होतं, म्हणून सहाशे रुपये मिळाले आणि मी घरी येऊन दोन दिवसांत भाकरी थापायला बसले. त्याच वर्षाच्या शेवटी छत्तीसगडमध्ये बिलासपूरच्या शिबिरात बायका दगावल्या आणि २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशी शिबिरं बंद करायला सांगितली. हे सगळं मी पुष्कळ नंतर वाचलं. माझं मात्र नीट झालं होतं. किती नीट झालं होतं, ते आठ वर्षांनी कळलं.

मुलांचे वडील मोटारसायकलच्या अपघातात गेले. त्यावर इथे जास्त लिहीत नाही. मी लेकरं घेऊन लातूरकडे माहेरी आले, शिवणकाम सुरू केलं आणि तिसाव्या वर्षी रेणापूर तालुक्यात दुसरं लग्न झालं. यांची पहिली बायको आजारपणात गेलेली, मूलबाळ नव्हतं. लग्न ठरतानाच माझ्या भावाने सगळं उघड सांगितलं होतं की हिचं ऑपरेशन झालेलं आहे, पुढे काही होणार नाही. हे म्हणाले, दोन लेकरं घरात येतायत, अजून काय पाहिजे. आणि ते तसेच वागले. मुलीच्या शाळेच्या दाखल्यापासून मुलाच्या दातापर्यंत सगळं त्यांनी पाहिलं.

म्हणून आधीच सांगते, कारण प्रत्येकाला वाटतं की दुसऱ्या नवऱ्याने हट्ट धरला असणार, सासूने टोमणे मारले असणार. तसं काही नव्हतं. मला हवं होतं. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते. त्यांना सांगितलं तर त्या उलट माझ्यावरच उखडल्या. "दोन लेकरं हायेत की घरात. कशाला पोट फाडून घ्यायलीस? तुला काई झालं तर त्यांनी कुणाकडं बघायचं?" त्यांचं म्हणणं अगदी चुकीचं होतं असं मला आजही वाटत नाही.

जवळच्या गावातल्या एका दवाखान्यात पहिल्यांदा विचारलं. दोन मिनिटांत उत्तर मिळालं. एकदा बांधलेलं उघडत नसतं, पैसे असतील तर टेस्ट ट्यूब करा. पेपर तपासला नाही, वय विचारलं नाही. आपल्याकडे बऱ्याच जणींचा विषय इथेच संपतो. माझाही संपला असता, पण माहेरच्या आशाताईंनी सांगितलं की नळ्या पुन्हा जोडतात, त्यांच्या भागातल्या एकीचं लेकरू पाण्यात गेल्यावर तिचं जोडलं होतं. त्यांनीच लातूरच्या एका डॉक्टर बाईंचं नाव दिलं.

त्या डॉक्टरांनी आधी वय विचारलं, मी एकतीस सांगितलं. मग विचारलं, "कोणत्या पद्धतीनं केलं होतं? कागद आहे का?"

कागद नव्हता. नसबंदीचं प्रमाणपत्र जुन्या सासरी पेटीत राहिलेलं, आणि त्या पेटीपर्यंत जाणं मला नको होतं. बेंबीखालची बारीक खूण पाहून दुर्बिणीचं आहे एवढं त्यांनी ओळखलं, पण आत काय केलंय ते वरून दिसत नाही. म्हणाल्या, जिथे झालं तिथलं रजिस्टर मिळतंय का बघ. मी गेले. तारीख पक्की माहीत होती, मुलाच्या दुसऱ्या संक्रांतीनंतरचा आठवडा. तिथल्या कारकून दादांनी जुने गठ्ठे सोडून वही काढली, धूळ झटकली आणि माझं पहिल्या लग्नाचं नाव असलेली ओळ दाखवली. शेवटच्या रकान्यात रिंग असं लिहिलेलं. त्या पानाचा फोटो काढून आणला. डॉक्टर बाईंनी तो पाहिला आणि पहिल्यांदा जरा मोकळ्या हसल्या.

त्यांनी कागदावर चित्र काढून समजावलं. गर्भपिशवीच्या दोन्ही बाजूंना एकेक नळी असते, साधारण दहा-बारा सेंटीमीटर लांब. टोकाला झालर असते, ती बीज आत ओढून घेते. नसबंदीत ही वाट अडवतात, पण अडवण्याचे प्रकार वेगवेगळे. रिंग घालतात तेव्हा नळीचा मधला भाग चिमटीत धरल्यासारखा वर ओढून त्यावर घट्ट रबरी कडं चढवतात. तेवढ्या भागाचं रक्त तुटतं, दोन-तीन सेंटीमीटर नळी मरते, दोन्ही बाजूंचा भाग चांगला राहतो. क्लिप लावली असेल तर त्याहूनही कमी जातो. टाक्याच्या ऑपरेशनात नळीचा वेढा बांधून कापतात, तिथे किती कापलं यावर ठरतं. विजेने जाळलं असेल तर नुकसान लांबपर्यंत जातं. आणि झालरच काढून टाकली असेल तर जोडण्यासारखं काही उरत नाही. जोडल्यानंतर निदान चार सेंटीमीटर तरी नळी हातात राहायला हवी, जास्त राहिली तर उत्तम.

म्हणजे काय, तर माझं पुढचं नशीब त्या शिबिरातल्या, चेहराही न आठवणाऱ्या डॉक्टरने आठ वर्षांपूर्वी ठरवून ठेवलेलं होतं. त्याने रिंग मधोमध घातली असेल तर माझं साधेल. कुठल्या दवाखान्यात चांगला हात आहे याची चौकशी सगळे करतात, पहिल्या ऑपरेशनची कोणी करत नाही.

मग त्या म्हणाल्या, "आधी मिस्टरांची तपासणी. त्यांच्यात कमी असेल तर तुला कापून काही उपयोग नाही."

यांना हे पटायला वेळ लागला. पहिल्या लग्नातही मूल झालं नव्हतं, आणि तेव्हा सगळ्या तपासण्या त्या बिचारीच्याच झालेल्या. यांची एकही नाही. हे मला माहीत नव्हतं, त्या दिवशी गाडीत कळलं. शेवटी गेले. तीन-चार दिवस संबंध नाही ठेवायचे, मग लॅबमध्येच नमुना द्यायचा. डबी हातात धरून कुठं जायचं, कुणाला द्यायची, हे विचारायचीही लाज. बाहेर आले ते कान लाल करून. रिपोर्ट चांगला आला. गावातल्या किती बायका नवऱ्याचा हा साधा, स्वस्त तपास न होताच पोटावर घाव घेतात, याचा विचार केला की राग येतो.

माझ्या तपासण्या मग ओळीने. पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सोनोग्राफी, बीजांचा साठा बघायला एएमएच नावाची रक्ततपासणी, थायरॉईड, साखर, एचआयव्ही, कावीळ. टीबी कधी झाला होता का, घरात कुणाला होता का, हे त्यांनी फार खोदून विचारलं. नळ्यांचा टीबी असतो, खोकला नसला तरी असतो, आणि तो असेल तर जोडलेली नळीही कामाची राहत नाही. एचएसजी म्हणजे औषध सोडून काढलेला एक्स-रे. त्यात औषध दोन्ही बाजूंना रिंगपर्यंत जाऊन थांबलेलं दिसलं. हा एक्स-रे दुखतो. "थोडंसं दुखेल" म्हणतात, त्यावर विश्वास ठेवू नका, सोबत कुणीतरी न्या. हिमोग्लोबिन साडेनऊ निघालं, त्यामुळे गोळ्या घेऊन ते चढेपर्यंत थांबावं लागलं. फॉलिक ॲसिड तेव्हापासूनच सुरू केलं.

टेस्ट ट्यूबचाही विचार झाला. तिथे नळ्यांची गरजच नसते, बीज बाहेर काढून गर्भ तयार करून पिशवीत सोडतात. डॉक्टरांनी स्वतःहून सांगितलं की वय अडतीस-चाळीस असतं किंवा नवऱ्याचा रिपोर्ट खराब असता तर मी तुला तिकडेच पाठवलं असतं, वेळ घालवला नसता. पण तू एकतिशीची, बीजं चांगली, रिंग घातलेली. टेस्ट ट्यूबच्या एका फेरीला दीड-दोन लाख, आणि ती फसली की पुन्हा पैसे. नळी जुळली तर दर महिना तुझी संधी. सगळं जमून आलेल्या दहा जणींत सहा-सात जणींना राहतं, म्हणाल्या, आणि लगेच पुढे, "तू उरलेल्या तिघी-चौघींतही असू शकतेस, हे घरी जाऊन सगळ्यांना सांग."

खर्च सगळं मिळून साठेक हजार आला. सोयाबीनचे थोडे आणि बचत गटातून कर्ज. ज्यांना एवढं झेपत नाही त्यांनी आधी सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या स्त्रीरोग विभागात विचारावं. अंबाजोगाई, लातूर, नांदेड, संभाजीनगर, आपल्याकडे सगळीकडे आहेत. हे ऑपरेशन करणारा सर्जन सध्या तिथे आहे का, आणि वर्षाला अशी किती करतात, एवढं स्पष्ट विचारायला लाजू नये.

पाळी संपल्यावर लगेचची तारीख मिळाली. कंबरेतून भूल दिली. कमरेखालचं काही कळत नव्हतं, पण बोलणं ऐकू येत होतं. सीझरला देतात तसा खाली आडवा छेद, जरा लहान. काही ठिकाणी हेही दुर्बिणीतून करतात. इथे पोट उघडून केलं. डॉक्टरांच्या डोळ्यांवर भिंगाचा चष्मा होता. रिंगजवळची मेलेली टोकं दोन्हीकडून ताजी नळी दिसेपर्यंत कापतात, मग तोंडाला तोंड लावून शिवतात. दोरा केसाहून बारीक. घड्याळातल्या बारा, तीन, सहा, नऊच्या जागी एकेक टाका, आणि तोही आतल्या अस्तराला न टोचता. मी मशीनवर बसणारी बाई, ब्लाऊजच्या बाहीला पायपिंग लावताना हात थरथरला तर उसवून पुन्हा घालते. इथे उसवायची सोयच नाही. एवढ्याशा वाटेत दोनदा टोचलं की तिथे व्रण धरतो आणि वाट पुन्हा बुजते.

शेवटी खालून पिशवीत निळं औषध सोडलं. ते नळीतून वाहून झालरीतून बाहेर आलं तर जोड मोकळा. मला पडद्याआडून ऐकू आलं, "उजवी मस्त." मग बराच वेळ काही नाही. मग, "डावीतूनही येतंय, पण हळू." उजवी नळी साडेसहा सेंटीमीटर राहिली, डावी साडेचार. डिस्चार्ज कार्डावर हे लिहून घेतलं, सही-शिक्क्यानिशी. पहिल्या ऑपरेशनच्या कागदाने जी धावपळ करायला लावली ती पुरे झाली होती.

वॉर्डात शेजारच्या पलंगावर परभणीकडच्या एक ताई होत्या, माझ्याहून पाच वर्षांनी मोठ्या. त्यांचा मुलगा शेततळ्यात बुडाला होता. त्यांचं आधीचं ऑपरेशन सीझरच्या वेळीच केलेलं, कागद कुठेच नव्हता. पोट उघडल्यावर कळलं की एका बाजूची झालरच नाही, दुसऱ्या बाजूला तीन सेंटीमीटर जेमतेम. एकच जोडली. शुद्धीवर आल्यावर त्या नीट होत्या, पण त्यांच्या नवऱ्याला डॉक्टरांनी बाहेर बोलावून सांगितलं तेव्हा तो भिंतीला टेकून खाली बसला. त्यांना राहिलं नाही. नंतर त्या टेस्ट ट्यूबकडे वळल्या. आमचं अजून फोनवर बोलणं होतं. मी माझ्या लेकराचा फोटो त्यांनी मागितल्याशिवाय पाठवत नाही.

घरी आल्यावर सहा आठवडे जड उचलायचं नाही, पायाची मशीन बंद. आत्याबाईंनी विरोध केला होता ना, त्याच मला पाण्याची घागर उचलू देईनात. पुढची एक पाळी जाऊ दिली, मग डॉक्टरांनी प्रयत्न करायला हरकत नाही म्हणून सांगितलं.

आणि मग काहीच झालं नाही. महिन्यामागून महिना पाळी घड्याळ लावल्यासारखी. या दिवसांबद्दल लिहिण्यासारखं फार नाही, ज्यांनी वाट पाहिली आहे त्यांना माहीत आहे. फॉलिक्युलर स्टडी केला, म्हणजे बीज कधी फुटतं ते सोनोग्राफीवर बघणं. कुठल्या बाजूचं बीज आहे तेही कळायचं. उजवीकडचं म्हटलं की घरात उगाच आनंद. खरं तर उजव्या नळीने डावीकडचं बीजही उचललेलं असतं कधी कधी, डॉक्टरांनी सांगितलं होतं, पण मनाला ते कोण समजावणार. सहा महिन्यांनंतरही राहिलं नाही म्हणून पुन्हा एचएसजी. दोन्ही नळ्या मोकळ्या दिसल्या. त्या म्हणाल्या, वर्ष-दीड वर्ष धीर धर. याच काळात शेजारणीने एका बाबाचं नाव आणून दिलं, मुलगाच होईल असं औषध देतो म्हणून. ज्या बीड जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेत हजार मुलांमागे ८०७ मुली निघाल्या, तिथे माझी पहिली संसाराची वर्षं गेलेली. मी त्या बाईला चहा दिला आणि विषय बदलला.

एक गोष्ट डॉक्टरांनी पहिल्या दिवसापासून डोक्यात बसवली होती. पाळी चुकली की आनंद नंतर, आधी दवाखाना. जोडलेल्या नळीत व्रणाचा खडबडीतपणा असतो, गर्भ तिथेच अडकून रुजू शकतो. एरवी शंभरात एक-दोघींना होणारी ही गोष्ट नळी जोडलेल्या बायकांत त्याच्या काही पट जास्त होते. आणि नळी फुटली तर पोटात रक्तस्राव होऊन जीव जाऊ शकतो. एका बाजूला पोटात कळ, थेंब थेंब रक्त, चक्कर, खांद्यात दुखणं, यातलं काहीही झालं तर रात्र असो की दिवस, निघायचं.

पाळी चुकली तेव्हा चाचणीच्या पट्टीवर दुसरी रेघ फिकी आली. दुसऱ्याच दिवशी लातूर. बीटा एचसीजी नावाची रक्ततपासणी केली, अठ्ठेचाळीस तासांनी पुन्हा. आकडा दुपटीच्या जवळ वाढायला हवा असतो. माझा वाढला होता, पण जेमतेम. डॉक्टर काही बोलल्या नाहीत, एवढंच म्हणाल्या, आठवड्यात पिशवीत दिसायला पाहिजे.

त्या आठवड्यात एका रात्री डाग दिसला. पोटात डावीकडे दुखत होतं की मला भास होत होता, सांगता येणार नाही. डावीकडेच, म्हणजे त्या साडेचार सेंटीमीटरच्या बाजूला. दिराने जीप काढली. रस्ता चांगला आहे आता, पण त्या रात्री प्रत्येक गतिरोधक पोटात लागत होता. आत्याबाई मागच्या सीटवर माझं डोकं मांडीवर घेऊन बसलेल्या, एक शब्द नाही. मी म्हटलं होतं ना, असं म्हणायचा त्यांना पूर्ण हक्क होता.

आतून सोनोग्राफी केली. डॉक्टरांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली आणि बोट ठेवलं. पिशवीच्या आत, वरच्या बाजूला, काळा गोल ठिपका. "पिशवीतच आहे. नळीत नाही." दुखणं कशाचं होतं? अंडाशयावर साधी गाठ होती, गर्भ राहिल्यावर असते तशी. डागासाठी गोळ्या आणि आराम. दहा दिवसांनी ठोके दिसले.

पुढचं बाळंतपण चारचौघींसारखं गेलं. नळ्या जोडल्या म्हणून सीझरच करावं लागतं असं नाही, कारण पिशवीला कुठे छेद दिलेला नसतो. माझं साधं झालं, उन्हाळ्यात, दिवस भरून. मुलगा की मुलगी? ते मुद्दाम लिहीत नाही. मोठ्या दोघांनी भांडून नाव ठेवलं, एवढं सांगते.

बाळंतपणाच्या खोलीतच नर्सताईंनी विचारलं, "आता ऑपरेशन करून टाकायचं ना?" मी यांच्याकडे पाहिलं. पुरुषांची बिनटाक्याची नसबंदी बायकांच्यापेक्षा किती तरी सोपी असते, पोट उघडावं लागत नाही, भूलही तेवढ्याच जागी. बाळ वर्षाचं होईपर्यंत थांबलो आणि मग हे गेले. आत्याबाईंना आवडलं नाही. "गड्यानं कशाला?" म्हणून दोन दिवस अबोला. अर्ध्या तासात झालं, चालत गाडीपर्यंत आले. नसबंदी झाली तरी तीन महिने काळजी घ्यावी लागते, मग वीर्य तपासून खात्री करतात. त्या तपासणीला मी सोबत गेले नाही. डबी कुठं द्यायची ते यांना आता माहीत होतं.